सिस्टर, मला काय झालंय?



येत्या ११ फेब्रुवारीला लूर्ड्समातेचा सण आणि जागतिक रुग्णदिन आहे. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली हा दिवस ठरवून दिला आणि १९९३ पासून तो जगभर पाळला जातो. दरवर्षी या निमित्ताने पत्रिकेत रुग्णांविषयी काही ना काही येते. यंदा फादरांनी आम्हाला, म्हणजे धर्मग्रामातील नर्सेसना, लिहायला सांगितले. आम्ही सहाजणी आहोत. कोणी पिंपरीत, कोणी चिंचवडला, तर एकजण चाकणच्या बाजूला कामाला आहे. आमच्यापैकी तिघींनी कॅन्सरच्या वॉर्डात काही वर्षे काढली आहेत. आम्हाला लिहायची सवय आहे ती फक्त ड्युटी बदलताना रिपोर्ट लिहिण्याची, तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावे.

तीन रविवार मिस्सेनंतर आम्ही हॉलमध्ये बसून बोललो. विषय बरेच निघाले, पण दर वेळी गाडी एकाच ठिकाणी येऊन थांबली : घरच्यांनी आजार लपवायला सांगितला आहे, आणि रुग्ण आमच्याकडे बघून विचारतो, 'सिस्टर, मला काय झालंय?' अशा वेळी काय बोलावे?

आमच्यातल्या एकीच्या वॉर्डात काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ होते. त्यांना आपण मामा म्हणू. मूळचे श्रीरामपूरकडचे, भोसरीच्या एका कारखान्यात प्रेसवर तेवीस वर्षे नोकरी. डाव्या हाताच्या दोन बोटांची टोके प्रेसखाली गेलेली. जठराचा कॅन्सर होता आणि तो यकृतापर्यंत पोहोचला होता. त्यांना सांगितले होते 'अल्सर'. मुलाने पहिल्याच दिवशी वॉर्डाच्या दाराशी गाठून हात जोडले होते. 'सिस्टर, बाबांना काही कळू देऊ नका. ते खचतील.' फाइल रुग्णाच्या हाती लागू नये म्हणून ती काउंटरमागे ठेवली जाई.

रात्री दोन-अडीचला वॉर्ड शांत होतो. माणसे खरे प्रश्न त्या वेळी विचारतात. पहिल्या रात्री मामांनी विचारले तेव्हा ती म्हणाली, 'डॉक्टर राउंडला येतील तेव्हा विचारा, आता झोपा.' हे काही खोटे नव्हते. दुसऱ्या रात्री त्यांनी आपला डावा हात पुढे केला. 'हे बघा, बोटं गेली तेव्हा डॉक्टरनं तोंडावर सांगितलं, गेली म्हणून. मी काय मेलो का? मग आता काय लपवता?' ती म्हणाली, 'आत जखम आहे मामा, भरायला वेळ लागतो.' हे खोटे होते. तिसऱ्या रात्री त्यांनी तिच्या गळ्यातला क्रूस पाहिला आणि म्हणाले, 'तुम्ही चर्चला जाता ना? मग तुम्ही तरी खरं सांगाल.' ती पलीकडच्या खाटेची सलाइन बघायला गेली. सलाइन व्यवस्थित चालू होती.

हे सांगताना ती आमच्यासमोर रडली, म्हणून आम्ही ते इथे लिहीत आहोत. तिची परवानगी आहे.

मुलाला दोष देणे सोपे आहे. आम्हाला तसे करायचे नाही. तो चाकणला कंत्राटी कामगार होता. दोन शिफ्टच्या मध्ये डबा घेऊन यायचा. आईला रक्तदाब, बहिणीचे लग्न मे महिन्यात ठरलेले. चाळीत कॅन्सरचे नाव निघाले की अजूनही काही घरांत त्या माणसाचा पेला वेगळा ठेवतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. कॅन्सर एकाच्या पेल्यातून दुसऱ्याला होत नाही हे कितीदाही सांगितले तरी. शिवाय आपल्या पिंपरीचीच एक समजूत आहे. इथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पेनिसिलिन बनू लागले, आपल्यापैकी कितीतरी जणांच्या वडिलांनी, आजोबांनी तिथे नोकरी केली. औषध म्हणजे बरे होणे, हे आपल्या अंगात मुरले आहे. ज्याला औषध नाही त्याचे नाव घेण्यात काय अर्थ, असे त्या मुलाला वाटले तर नवल नाही. तो बापावर प्रेम करत होता. त्याचे खोटे प्रेमापोटी होते.

काहीजण म्हणतात की तोंडावर सांगण्याची पद्धत पाश्चात्त्यांची, आपली नव्हे. हेही तितकेसे खरे नाही. अमेरिकेत १९६१ साली डॉक्टरांची पाहणी झाली, तेव्हा दहातले जवळजवळ नऊ डॉक्टर रुग्णाला कॅन्सर सांगू नये अशा मताचे निघाले. तीच विचारणा १९७९ साली झाली तेव्हा शंभरातले सत्त्याण्णव सांगण्याच्या बाजूचे होते. अठरा वर्षांत एका देशाचे मत फिरले. मधल्या काळात उपचार सुधारले होते, आणि रुग्णही 'माझे शरीर आहे, मला कळू द्या' असे म्हणू लागले होते.

मग प्रेमाने बोललेले खोटे योग्य ठरते का? याआधी आणखी एक प्रश्न आम्हाला विचारावासा वाटतो, तो सहसा कोणी विचारत नाही. हे खोटे बोलायचे कोणी? डॉक्टर राउंडला पाच मिनिटे थांबतात. मुलगा सेकंड शिफ्टला निघून जातो. रुग्णाजवळ आठ तास राहते ती नर्स. पुष्कळदा ती बावीस-तेवीस वर्षांची, स्वतःच अकरा महिन्यांच्या करारावर असते. घरच्यांनी घेतलेला निर्णय तिने आपल्या तोंडाने पार पाडायचा असतो. तिने सांगून टाकले तर तक्रार होते आणि नोकरी जाऊ शकते. आणि खरे पाहता निदान सांगणे हे डॉक्टरांचेच काम आहे, तो नियम चुकीचा नाही. आजार कुठवर गेला आहे, कोणता उपचार शिल्लक आहे, हे आम्हाला पूर्ण माहीत नसते. अर्धवट सांगणे हे लपवण्याइतकेच वाईट. म्हणजे तिने सांगायचे नाही, आणि खोटेही बोलायचे नाही. या दोहोंमध्ये जी वाट उरते ती फार अरुंद आहे.

व्हॅटिकनच्या आरोग्यसेवेविषयीच्या परिषदेने आरोग्यसेवकांसाठी एक सनद प्रसिद्ध केली. मरणाच्या वाटेवरील माणसालाही आपली स्थिती जाणण्याचा हक्क आहे, असे ती सांगते. पण सत्य म्हणजे रिपोर्ट वाचून दाखवणे नव्हे, ते माणसाला सोबत देऊन, त्याच्या कलाने सांगायचे असते, हेही तिच्यात आहे. आमच्या अनुभवात याला एक छोटी सुरुवात सापडली : उलट विचारायचे. 'तुम्हाला काय वाटतं, मामा?' आणि मग गप्प बसायचे. हे गप्प बसणे फार अवघड असते.

कारण बहुतेकांना माहीतच असते. ते मुलाचा चेहरा वाचतात. औषधाच्या बिलावर छापलेले असते. रेडिएशनच्या रांगेत बाकावर बसलेला शेजारी 'तुमचा कुठला?' म्हणून विचारतो. आमच्यातल्या एकीने एक जोडपे पाहिले. बायको म्हणायची, 'सिस्टर, ह्यांना सांगू नका.' नवरा म्हणायचा, 'सिस्टर, हिला कळू देऊ नका, तिला सहन व्हायचं नाही.' दोघे एकमेकांना सफरचंद सोलून देत होते आणि पावसापाण्याचे बोलत होते. असे तीन आठवडे चालले.

याच्या उलटही घडते, तेही सांगायला हवे. एक आजी होत्या, वय ऐंशीच्या आसपास. डॉक्टरांनी बोलायला खुर्ची ओढली तेव्हा त्याच म्हणाल्या, 'माझ्या लेकाला सांगा काय ते. मला नको. मी जपमाळ करते, तेवढं पुरे.' त्यांचेही बरोबर होते. कळण्याचा हक्क आहे, तसा न कळू देण्याचाही आहे. फरक इतकाच की आजींनी स्वतः ठरवले होते. मामांच्या बाबतीत ते दुसऱ्यांनी ठरवले.

खोटे एकटे राहत नाही, त्याला दुसरे लागते. वेदना वाढतात तेव्हा हे दिसते. कॅन्सरच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिन हे चांगले आणि स्वस्त औषध आहे. आपल्या देशात १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा आल्यावर त्यासाठी इतके परवाने लागू लागले की पुष्कळ रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त संस्थांचे काम बरेच सोपे झाले. पण अडचण फक्त कायद्याची नाही. ज्याला 'अल्सर' आहे त्याला मॉर्फिन का, हे कसे सांगणार? मग घरचे म्हणतात, साधी गोळी द्या. काहींना वाटते की ते 'शेवटचे इंजेक्शन' आहे. नव्या नर्सचा हातही कापतो : माझ्या हातून दिलेल्या डोसनंतर माणूस गेला तर तो माझ्यामुळे गेला का?

ही भीती आपल्या ख्रिस्तसभेने फार पूर्वी ऐकली होती. पोप बारावे पायस यांनी २४ फेब्रुवारी १९५७ रोजी भूलतज्ज्ञांच्या प्रश्नाला उत्तर देताना सांगितले की, दुसरा उपाय नसेल तर वेदना शमवण्यासाठी असे औषध देणे योग्य आहे, त्याने आयुष्य थोडे कमी होण्याची शक्यता असली तरी. हेतू मारण्याचा नसावा, वेदना कमी करण्याचा असावा. आजचा अनुभव तर असा की योग्य मात्रेत, हळूहळू वाढवत दिलेले मॉर्फिन सहसा आयुष्य कमी करत नाहीच, माणूस झोपतो, दोन घास खातो, बोलतो. पोप पायस यांनी मात्र एक अट घातली होती, ती आम्हाला या विषयासाठी फार महत्त्वाची वाटते. औषधामुळे रुग्णाची इतर धार्मिक आणि नैतिक कर्तव्ये राहून जाऊ नयेत. म्हणजे मरणाऱ्या माणसालाही कर्तव्ये असतात, आणि ती पार पाडण्याची संधी त्याच्यापासून हिरावून घेता येत नाही, असे त्यांनी धरले होते.

इथे पुन्हा मामांकडे यावे लागते. त्यांच्या वडिलांनी मरताना त्यांच्याकडून शब्द घेतला होता की धाकट्या बहिणीला अर्धा एकर द्यायचा. सात-बारा मामांच्या एकट्याच्या नावावर होता. ते आमच्या मैत्रिणीला दोनदा म्हणाले, 'जरा बरं वाटलं की एप्रिलमध्ये गावी जातो आणि बहिणीचं करून टाकतो.' तेव्हा जानेवारी चालला होता. ते एप्रिल पाहणार नाहीत हे तिला माहीत होते. ती म्हणाली, 'हो मामा, जा की.'

ते फेब्रुवारीत गेले. आयुष्यभर शब्दाला जागलेल्या माणसाचा एक शब्द राहून गेला, आणि तो त्यांनी मोडला नव्हता, आपण सगळ्यांनी मिळून मोडायला लावला होता. आमच्या मैत्रिणीला याचे जास्त लागते. ती म्हणते, 'कॅन्सर हा शब्द न उच्चारताही मी सांगू शकले असते की मामा, एप्रिलची वाट कशाला बघता, मुलाला सांगून इथेच लिहून ठेवा.' मृत्युपत्राला नोंदणी सक्तीची नसते, शुद्धीत असताना दोन साक्षीदारांसमोर सही केली तरी चालते. खाटेवर बसून अर्ध्या तासात झाले असते.

सिसिली सॉन्डर्स हे नाव आमच्या अभ्यासात होते. इंग्लंडमधल्या या बाई आधी नर्स, मग पाठीच्या दुखण्यामुळे समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हे मरणासन्न रुग्णांसाठीचे सेवाघर सुरू केले. वेदना फक्त शरीराची नसते, मनाची, नात्यांची, आत्म्याचीही असते आणि ती एकत्रच येते, असे त्या शिकवत. मामांचे पोट दुखत होते आणि तो अर्धा एकरही दुखत होता. पोटाला आमच्याकडे इंजेक्शन होते.

आपल्याकडेही अशी घरे आहेत. मुंबईत वांद्र्याला १९८६ साली डॉ. एल. जे. डिसोझा यांनी शांती आवेदना सदन सुरू केले. देशातले या प्रकारचे ते पहिले, आणि तिथे होली क्रॉसच्या सिस्टर्स सेवा करतात. पुण्यात वारज्याला सिप्लाचे उपशामक सेवा केंद्र १९९७ पासून आहे. तिथे रुग्णाबरोबर घरच्या माणसालाही राहता येते आणि पैसे घेत नाहीत. आम्ही नाव सुचवले की लोक दचकतात, 'तिथे गेलेला परत येत नाही' म्हणतात. हे खरे नाही, दुखणे आटोक्यात आणून कितीतरी जणांना घरी पाठवतात. पण तिथे नेण्यासाठी आधी घरात खरे बोलावे लागते, आणि अडते तिथेच.

आम्ही बायबलमध्ये याविषयी काही सापडते का ते पाहिले. दोन जागा सापडल्या. यशया संदेष्टा हिज्किया राजाकडे जातो आणि त्याला सरळ सांगतो की तू यातून उठणार नाहीस, घरादाराची व्यवस्था कर. राजा भिंतीकडे तोंड करून रडतो आणि प्रार्थना करतो. पुढे देवाने त्याला पंधरा वर्षे दिली. ती पंधरा वर्षे आम्ही कोणाला कबूल करू शकत नाही. पण ती प्रार्थना त्याला करता आली, कारण त्याला कोणीतरी सांगितले होते. दुसरी जागा मार्कच्या शुभवर्तमानातील आहे. प्रभू येशू आपल्या मरणाविषयी शिष्यांशी उघड बोलू लागतो, तेव्हा पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावतो. हे आम्ही कितीदा वाचले असेल, पण वॉर्डात रोज दिसते हे आधी लक्षात आले नव्हते. आजारी माणूस म्हणतो, 'माझं काही खरं नाही आता,' आणि आपण सगळे म्हणतो, 'असं अभद्र बोलू नका.' त्याला बोलायचे असते. आपल्याला ऐकवत नाही.

याचा आपल्या धर्मग्रामाशी थेट संबंध आहे, आणि फादरांनी लिहायला सांगितले त्यामागे हेही कारण असावे. 'फादरांना बोलावू नका, त्यांना कळेल' हे वाक्य आम्ही दरवर्षी ऐकतो. अंत्याभ्यंग हे जुने नाव लोकांच्या डोक्यातून गेलेले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ सालीच सांगितले की त्याला रुग्णाभ्यंग म्हणणे अधिक योग्य, तो फक्त शेवटच्या घटकेचा संस्कार नव्हे, आजाराने किंवा वार्धक्याने धोका निर्माण झाला की घ्यावा. पोप सहावे पॉल यांनी १९७२ साली नवा विधी ठरवून दिला. तरीही आपण फादरांना शुद्ध हरपल्यावर बोलावतो. मामांच्या वेळीही असेच झाले. फादर रात्री दीडला दुचाकीवरून आले, तेल लावले, प्रार्थना केली. मामांना पापनिवेदन करता आले नाही, कम्युनियन घेता आले नाही. शेवटच्या कम्युनियनला ख्रिस्तसभा वाटेची शिदोरी मानते. आपण निघालो आहोत हे ज्याला कळूच दिले नाही, त्याला शिदोरी बांधून कशी देणार?

रुग्णदिनाच्या मिस्सेत आजारी आणि वृद्ध मंडळींना रुग्णाभ्यंग दिला जाईल. ज्यांना चर्चला येणे जमत नाही त्यांच्या घरी फादर येतील. नाव देताना एक विनंती आहे. रुग्णाला आजार सांगितलेला नसेल तर तेही फादरांना किंवा आम्हाला आधी सांगा. आम्ही परस्पर काही बोलणार नाही. पण तुम्हाला घरात कसे बोलावे हे सुचत नसेल तर आमच्यापैकी एकजण बरोबर येऊन बसेल, डॉक्टरांशी कसे बोलायचे तेही सांगेल. आणि ज्यांच्या मुली नर्सिंगला आहेत त्यांनी त्यांना घरी आल्यावर विचारा की आज कोणी काय विचारले. त्या आपणहून सांगणार नाहीत.

मामांच्या महिन्याच्या मिस्सेला त्यांचा मुलगा आमच्या मैत्रिणीला चर्चच्या पायऱ्यांशी भेटला. हातात हेल्मेट होते, शिफ्टला जायचे होते. त्याने विचारले, 'सिस्टर, बाबांनी तुम्हाला कधी काही विचारलं होतं का?' तिला 'नाही' म्हणता आले असते. ती म्हणाली, 'हो. तीनदा.' तो बराच वेळ हेल्मेटची पट्टी बोटाभोवती गुंडाळत राहिला. मग म्हणाला, 'मलापण विचारलं होतं. मी टीव्ही लावून दिला.'

आत्याचा अर्धा एकर करून द्यायचे त्याने ठरवले आहे. आईची आणि बहिणीची सही लागते. बहिणीची झाली आहे.